बोलतं ठेवायचं काम

माझ्या भावाला मी मरू दिलं नाही. लोक म्हणतात, बहीण असावी तर अशी. म्हणू देत. मला तो जिवंत हवा होता, आणि नुसता जिवंत नव्हे, बोलता हवा होता. त्याच्या तोंडून मला एक वाक्य काढून घ्यायचं होतं, तेही आईच्या देखत. ते निघेपर्यंत त्याला काही होऊन मला चालणार नव्हतं.

मी हॉस्पिटलात कॅथलॅबमध्ये नर्स आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्या आतून चोंदून बारीक होतात, तिथे एखादी गुठळी अडकली की माणसाला झटका येतो आणि अर्धं अंग जातं. तो यायच्या आधीच आमचे मोठे डॉक्टर मांडीतून एक तार वर मेंदूपर्यंत नेतात, बारीक झालेल्या जागी इवलासा फुगा फुगवून रस्ता मोकळा करतात आणि तो पुन्हा बुजू नये म्हणून तिथे जाळीची नळी बसवतात. हे सगळं शक्यतो माणूस जागा ठेवून. बारीक झालेली रक्तवाहिनी, आम्ही तिलाही नळीच म्हणतो, डाव्या बाजूची असेल तर सगळं लक्ष बोलण्यावर, कारण फुगा फुगला की तेवढा वेळ रक्त अडतं आणि आधी जीभ अडखळते. म्हणून पेशंटच्या डोक्याशी एक जण उभा करतात. त्याचं काम एकच, पेशंटला बोलतं ठेवायचं. आमच्याकडे ती मी. लहानपणापासून घरात मला टकळी म्हणतात. तुझ्या जिभेला हाड नाही, असं ऐकत मोठी झाले, आणि आता त्याच जिभेचा पगार घेते.

या कामाचीही एक रीत आहे. आदल्या दिवशी पेशंटपाशी बसून प्रश्न ठरवायचे. शाळा कुठे होती, दुकान कसं चालवता, घरी जायचा रस्ता कुठून. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल असं काहीतरी. आणि ज्याचं उत्तर द्यायची माणसाला लाज वाटेल किंवा राग येईल असा प्रश्न चुकूनही घ्यायचा नाही. कारण तो गप्प झाला, तर रुसून गप्प झाला की मेंदूत काही अडलं, हे ठरवण्यात वेळ जातो, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. शिवाय पेशंटच्या उजव्या हातात आम्ही एक रबरी बदक देतो, दाबलं की पीं करणारं. भल्याभल्या साहेबलोकांना मी ते बदक दिलंय. आधी हसतात, मग घट्ट धरून ठेवतात.

आता दादाचं सांगते. दादा माझ्यापेक्षा मोठा. त्याचं काचेचं आणि आरशांचं दुकान. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात, आणि तो काही बोलतच नाही म्हटल्यावर वाईट ठरणार तरी कसा? अडचणीत आला की तोंडात मिठाची गुळणी धरतो. जेवताना नको तो विषय निघाला की मान खाली घालून ताटातलं शेवटच्या घासापर्यंत संपवतो, उठतो, हात धुतो आणि खोलीत जातो. आई म्हणायची, शांत स्वभाव आहे पोराचा. मी तावातावानं बोलले की तीच आई म्हणायची, जीभ आवर. आमच्या घरात जो गप्प तो शहाणा आणि जी बोलते ती भांडखोर, हा कायदाच होता.

आमच्या बाबांच्या मेंदूची डावी नळी बारीक होती. त्यांना रक्त पातळ ठेवायची पांढरी गोळी रोज होती, बाकी रक्तदाबाच्या वगैरे वेगळ्या. सात खणांचा डबा होता, तो दर रविवारी मी भरायची. मग बाबांची दाढ दुखायला लागली. दादा त्यांना घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेला. दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेव्हा आधी तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारून या. विचारायचं म्हणजे दादाला दुकान आणखी एक दिवस बंद ठेवावं लागणार. त्यानं कुणालाच विचारलं नाही, मलाही नाही. मी ड्यूटीवर असताना डब्यातल्या पांढऱ्या गोळ्या काढून टाकल्या आणि दातांच्या डॉक्टरला जाऊन सांगितलं, मोठ्या डॉक्टरांनीच बंद ठेवायला सांगितल्यात. दाढ निघाली. बाबा गालावर हात धरून घरी आले, आणि त्याच आठवड्यात चहाचा कप हातात असताना कोसळले.

हे सगळं तेव्हा मला माहीत नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नेमानं चालू होत्या ना? दादानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "गोळ्यांचं सगळं हिच्याकडे असतं." झालं. घरी डबा उघडला तर एकाही खणात पांढरी गोळी नाही. आईनं डबा माझ्यासमोर धरला आणि बंद केला. मला स्वतःलाच वाटलं, ड्यूटीवरून दमून आले होते, माझ्याच हातून राहिल्या. सगळ्या नातेवाइकांत बोभाटा झाला. आत्या म्हणाली, घरात नर्स आणि बापाला गोळी नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवसापासून आईनं माझ्या हातून साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही. मी पुढे केली की म्हणायची, ठेव तिकडे. आणि मी गेल्यावर स्वतःच्या पाकिटातली काढून घ्यायची.

बाबा त्यानंतर बरेच दिवस होते, पण उजवी बाजू गेलेली आणि वाचा बसलेली. डावा हात तेवढा चालायचा. आई जवळ बसली की ते त्या हातानं आपला गाल दाखवायचे आणि मग दादाकडे बोट करायचे. पुन्हा गाल, पुन्हा दादा. आई कौतुकानं सांगायची, दादानं दाढ काढून आणली ना, त्याचं सांगतात, लेकावर केवढा जीव! आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या हिरडीला लवंगेचं तेल लावायची. बाबा डोळे मिटून घ्यायचे. ते तसेच गेले.

त्यानंतर माझीच दाढ किडली म्हणून मी त्याच डॉक्टरकडे गेले. माझं तोंड उघडं, आत कापूस, आणि तो बिचारा गप्पा मारतोय. तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, म्हणाला. तुमच्या भावानं सांगितलं की डॉक्टरांनी गोळ्या बंद ठेवायला सांगितल्यात, म्हणून मी दाढ काढली, पण मला मनातून तेव्हाही बरं वाटत नव्हतं. तोंडात कापूस होता म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती तेव्हा खरोखर चढताना मला कळली.

तशीच सुजलेल्या तोंडानं घरी गेले आणि जेवणाच्या टेबलाशी दादाला विचारलं. बाबांच्या गोळ्या कुणी काढल्या? त्यानं ताट संपवलं, हात धुतले आणि खोलीत गेला. आई मला म्हणाली, बापाच्या जिवावर उठलीस ती उठलीस, आता भावावर ढकलतेस, याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. मी दातांच्या डॉक्टरचं नाव घेतलं, तर म्हणाली, परक्याचं ऐकून घरात आग लावू नकोस, माझा मुलगा मला सांगेल तेव्हा मी मानेन. बरं, म्हटलं. मुलाच्याच तोंडून ऐकायचंय ना, मग मुलाच्याच तोंडून ऐकवीन. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. दर रविवारी खाली जेवायला जात राहिले. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन. मन कसलं मोठं, मी उट्टं काढायला टपून बसले होते.

अशाच एका रविवारी आई दादाला काहीतरी विचारत होती, आत्याला भेटायला कधी जायचं वगैरे. दादा उत्तर देईना. आई हसून वहिनीला म्हणाली, धरली बघ गुळणी. वहिनी पण हसली. मी पाहिलं तर त्याच्या उजव्या हातातला चमचा बोटांतून हळूहळू सरकत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तोंडाचा एक कोपरा उतरलेला. माझी खुर्ची मागे पडली ती तशीच टाकून मी त्याला धरलं. आई ओरडली, त्याच्या अंगावर काय धावतेस! गाडीत बसेपर्यंत त्याची जीभ परत आली होती. काही नाही झालं, म्हणत होता. वहिनी रडत होती. मी त्याचा हात धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, आत्ता नाही. आधी माझं वाक्य दे, मग तुझं काय व्हायचं ते होऊ दे.

तपासात दिसलं ते बापाचंच, डावी नळी, तीच जागा. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा झटका नव्हता, झटक्याची चिठ्ठी होती. असं असलं तरी लगेच तार घालायची नाही, आधी औषधं, कारण त्यात धोका असतो आणि पुष्कळांचं औषधांवरच भागतं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, रक्तदाब ताब्यात, सिगारेट बंद, मीठ कमी, रोज चालणं. गोळ्या वहिनी द्यायची. बाकीचं मी अंगावर घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. त्याच्या सिगारेटी त्याच्या डोळ्यांदेखत भिजवून टाकल्या. टेबलावरची मिठाची बरणी उचलून वर माझ्या घरी नेली. दुकानापासून घरापर्यंत चढाचा रस्ता होता, तिथून त्याला रोज चालवत आणायची आणि बोलत राहायची. वहिनी म्हणाली, ताई, यापेक्षा सासू परवडली. दादा काही बोलायचा नाही, पण धापा टाकत माझ्याकडे असा बघायचा की मला रात्री छान झोप लागायची.

तरी व्हायचं ते झालंच. गोळ्या वेळेवर चालू असताना दुकानात काच कापता कापता हातातली हिऱ्याची कटर गळून पडली. गिऱ्हाईक विचारतंय आणि ह्याच्या तोंडून नुसता फस्स असा आवाज. चारही भिंतींना आरसे. सगळीकडून त्याला त्याचंच वाकडं झालेलं तोंड दिसत होतं. थोड्या वेळानं जीभ आली, पण माणूस पार हादरला. डॉक्टर म्हणाले, औषधं घेऊनही दुसऱ्यांदा होतंय, आता फुगा घालून नळी बसवलेली बरी.

नात्यातला माणूस लॅबमध्ये नको, असा आमच्याकडे नियम आहे. डॉक्टर मला नाहीच म्हणाले. पण दादानं सांगितलं, टकळी नसेल तर मी त्या टेबलावर चढणार नाही. आयुष्यात त्यानं माझ्यासाठी धरलेला हा पहिला हट्ट. आदल्या दिवशी मी प्रश्न ठरवायला त्याच्या पलंगाशी बसले. आरसा कसा बसवतोस, काच कशी कापतोस, शाळेला कुठून जायचो. सगळं रीतसर. वहिनीनं डॉक्टरांना सांगून ठेवलं की ह्यांना राग आला की हे बोलत नाहीत हं. डॉक्टर हसले. मी नाही हसले. माझ्या मनात ठरलेल्या प्रश्नांच्या मागे आणखी एक प्रश्न उभा होता.

डोकं हलू नये म्हणून त्याच्या कपाळाला चिकटपट्टी लावली होती. अंगावर हिरवी चादर. मी शिशाचा जड एप्रन घालून त्याच्या उजव्या खांद्याशी, डॉक्टर मांडीशी, टेक्निशियन काचेपलीकडे. बदक त्याच्या हातात दिलं तर म्हणाला, हे काय पोरखेळ. मी म्हटलं, दाब. पीं झालं. पडद्यावर त्याच्या मेंदूतल्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उमटल्या आणि डावीकडची एक फांदी मध्येच दोऱ्याएवढी झालेली दिसली. बाबांच्या तपासणीच्या वेळीही पडद्यावर हीच जागा मी पाहिली होती.

तार जागेवर गेली. मी विचारत होते, तो सांगत होता. काच कापताना आधी काय करतोस? पुसतो. मग? मग पट्टी धरून एकदाच रेघ ओढायची, दोनदा ओढली की काच फुटते. छान बोलत होता. इतका वेळ सलग त्याला बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फुगा फुगवतोय, बोलतं ठेवा. माझा पुढचा प्रश्न शाळेच्या रस्त्याचा होता. पण तो टेबलाला जखडलेला होता, उठून हात धुवायला जाता येणार नव्हतं. ताट नाही, खोली नाही, आई नाही मध्ये पडायला. मी वाकले आणि त्याच्या कानाशी विचारलं, "बाबांच्या पांढऱ्या गोळ्या डब्यातून कुणी काढल्या?"

तो गप्प.

डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं, "बोलतोय का? रुसलाय की अडलंय?"

रीत मोडली की काय होतं ते तेव्हा मला कळलं. गप्प होता, पण कुठल्या गप्पपणानं? त्याचे डोळे माझ्यावर होते. आणि मी लपवणार नाही, एक क्षण मला वाटलं, बरं झालं. बाबांना मुकं केलंस, आता तूही मुका हो. दाखव गाल आईला. पण लगेच दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त दुष्ट होता. हा मुका झाला तर सुटला. सुंठीवाचून खोकला गेला त्याचा. जन्मभर पलंगावर पडून राहील, आई त्याला भरवील आणि ते वाक्य कुणी मागायलाच जाणार नाही. माझ्या हातावर तुरी देऊन हा कायमचा निसटेल.

मी म्हटलं, "उत्तर नको देऊस. नुसतं बदक दाब."

रुसलेला असता तर त्यानं दाबलं असतं, जीव एवढा घाबरलेला होता त्याचा. बोटं थरथरली, वाकली, पण बदकातून आवाज आला नाही.

"अडलंय," मी म्हटलं. "फुगा सोडा."

डॉक्टरांनी फुगा सोडला. तारेतून औषध दिलं. पडद्यावर फांदीच्या पुढचा भाग फिकट दिसत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि मी बदकाकडे. मी मोठ्यानं म्हणत होते, दाब, दादा, दाब, मुडद्या, दाब. लॅबमध्ये असं बोललेलं चालत नाही, पण तेव्हा मला कुणी काही म्हणालं नाही. मग अगदी बारीक, रडक्या आवाजात पीं झालं. थोड्या वेळानं त्याचे ओठ हलले.

"टकळे," तो म्हणाला. जीभ जड होती. "मी. मी काढल्या."

टेक्निशियनला काही कळलं नाही. डॉक्टरांनाही नाही, त्यांना एवढंच हवं होतं की वाचा आली. ते म्हणाले, शाब्बास, आता हळूहळू जाऊ, साधे प्रश्न विचारा सिस्टर. मी शाळेचा रस्ता विचारला. तो सांगत राहिला, कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान, पुढे पाण्याची टाकी, नळी बसेपर्यंत. मी हूं हूं करत होते. वाक्य मिळालं होतं, पण ते ऐकायला मी एकटीच होते, आणि मला ते आधीच माहीत होतं.

वॉर्डात मी त्याला म्हटलं, आता हेच आईसमोर. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण केली तर तो भिंतीकडे वळला. गरज सरो, वैद्य मरो! घरी जाईपर्यंत त्याची गुळणी पहिल्यासारखी भरली होती. जाताना मोठ्या डॉक्टरांनी मात्र त्याला समोर बसवून बजावलं. ह्या दोन गोळ्या, गुलाबी आणि पांढरी, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. यातली एक जरी राहिली तर जाळीत गुठळी होईल, आणि मग येईल तो मोठा झटका. दादाचा चेहरा तेव्हा त्याच्या दुकानातल्या काचेसारखा झाला होता, आरपार दिसणारा.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर गोळ्यांचा डबा निघाला. तोच, बाबांचा. वहिनीनं जपून ठेवला होता. वहिनीनं तो सहज माझ्यापुढे सरकवला, म्हणाली, ताई, तुम्हीच भरा, मला इतक्या गोळ्यांचं भय वाटतं. आईनं मध्येच डबा ओढून घेतला. हिच्या हातून नको, म्हणाली, एकदा घर बुडालंय, ते पुरे झालं. मी भरते माझ्या लेकाचा डबा.

आईला जवळचं धड दिसत नाही. चष्मा कपाळावर ठेवून ती पाकिटं चाचपत होती. गुलाबी दिसायला दोन पाकिटं होती, एक रक्त पातळ करायची आणि एक चरबीची. तिनं पहिल्या खणात दोन्ही गुलाबी टाकल्या आणि झाकण लावलं. पांढरी नाही. दुसऱ्या खणातही तसंच. मी पाहत होते. दादाही पाहत होता. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, पण मी हात मांडीखाली दाबून गप्प बसले. डबा मी नंतर पुन्हा भरलाच असता, त्याला मरू द्यायला मी इतकी खटपट केली नव्हती. पण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा घोट घेतला. त्यानं वहिनीकडे पाहिलं, ती पदराशी चाळा करत होती. आईनं तिसऱ्या खणाचं झाकण लावलं.

"आई, तिला भरू दे," दादा म्हणाला.

आई म्हणाली, काय म्हणून? तुझ्या बापाच्या वेळी पाहिलं नाहीस का हिचं?

त्याचं ताट केव्हाच उचललेलं होतं. हात धुऊन झाले होते. करायला काही उरलं नव्हतं.

"बाबांचा डबा तिनं बरोबर भरला होता," तो म्हणाला. "पांढऱ्या गोळ्या मी काढल्या. दाढ काढायची होती म्हणून. कुणाला विचारलं नाही, आणि नंतर तिच्यावर ढकललं."

त्याला पश्चात्ताप झाला होता म्हणून नव्हे. जिवाची भीती होती म्हणून. मला तेही चालत होतं. कित्येक वर्षं मी मनात ठरवून ठेवलं होतं, हे होईल तेव्हा मी काय काय बोलेन. एकाहून एक धारदार वाक्यं होती. त्यातलं एकही मला आठवेना.

आईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तिनं ना माझ्याकडे पाहिलं, ना त्याच्याकडे. डब्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे ते गाल दाखवायचे आणि तुझ्याकडे बोट करायचे, ते हे सांगत होते."



"आणि मी लवंगेचं तेल लावत बसले," आई म्हणाली.

तिनं झाकणं एकेक उघडून सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या, रिकामा डबा माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. मी भरला. प्रत्येक खणात एक पांढरी, एक गुलाबी, आणि बाकीच्या.

आता आई माझ्याकडून गोळी घेते. हात पुढे करते, मान मात्र वर करत नाही. मी हातावर गोळी ठेवते, पाणी देते. तिला जे म्हणायचंय ते तिला म्हणता येत नाही आणि मीही ते सोपं करून देत नाही. अजून नाही.

दादाशी मात्र ती त्या दिवसापासून एक अक्षर बोललेली नाही. आणि गंमत बघा, तो बोलायला लागलाय. जीभ अगदी साफ आहे, डॉक्टर खूश आहेत, नळी उत्तम वाहते आहे म्हणतात. तो आईला सकाळी विचारतो, चहा घेतलास का? आई गप्प. दुकानातलं सांगतो, गिऱ्हाइकांचे किस्से सांगतो, जुन्या घराच्या आठवणी काढतो. हा एवढं बोलू शकतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आई मान खाली घालून ऐकते की नाही तेही कळत नाही. वहिनी म्हणते, ताई, बघवत नाही हो. मी बघते. ही वाचा मी ह्याचसाठी वाचवली होती.

गेल्या रविवारी तो आईशी असाच कितीतरी वेळ बोलला. बाबांविषयीच बोलत होता. चुकलं माझं, म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. आई उठून आत गेली. मग तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "टकळे, तू तरी बोल."

मी ताटातलं शेवटच्या घासापर्यंत संपवलं. उठले. हात धुतले, आणि जिना चढून माझ्या खोलीत गेले.